स्क्रीनवरचं आलं

"आत्या, आता कढई बोलणार आहे," ऊर्मिला म्हणाली. "तिनं काय बोलायचं ते तुम्ही सांगा."

मी लसणाच्या पाकळ्या निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "ह्या घरात बोलणारी तोंडं कमी पडली काय?"

"तोंड नाही, स्क्रीन आहे. कढईतलं कुठवर आलंय ते त्यावर अक्षरात दिसेल. तीन पायऱ्या आहेत, तीन शब्द पाहिजेत."

"कंपन्यांत काय लिहितात?"

"लो, ओके, हाय."

"मग तेच लिही."

"आपल्या बायका ते कशाला वाचतील? त्या तुमचं ऐकून शिकल्यात. तुम्ही कढईपाशी बसून काय म्हणता?"

"शिव्या देते."

"त्या सोडून."

शिव्या सोडल्या तर मी खरोखर तीनच शब्द म्हणायची. कांदा तेलात पडला की आमच्यात त्याला तळण म्हणतात. तळण कच्चं, तळण आलं, तळण गेलं. 'कच्चं' म्हटलं की हलवत राहायचं, 'आलं' म्हटलं की गॅस बंद करून उतरवायचं, आणि 'गेलं' म्हटलं की ज्याच्या हातून गेलं त्यानं त्या दिवशी माझ्यासमोर यायचं नाही. ऊर्मिलानं तिन्ही शब्द हातावर पेनानं लिहून घेतले आणि गेली.

ही ऊर्मिला माझी सून. पलूसच्या एमआयडीसीत एका कंपनीत यंत्रांना शिस्त लावायचं काम करायची. म्हणजे कुठलं यंत्र कधी तापेल, कधी थांबेल, कुठली झडप कधी उघडेल, हे माणसानं न बघता त्याचं त्याला कळावं, असली काहीतरी विद्या. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तिला विचारलं होतं, "स्वयंपाकात काय काय येतं?" तर म्हणाली, "भात येतो, पण कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही. वेळ लावते." मी माझ्या लेकाला, धैर्यशीलला, कोपरानं ढोसलं, म्हटलं, ऊठ. तो उठला नाही. लग्न झालं.

आमचा कांदा-लसूण मसाला. 'शालनकाकू मसाले'. त्यातली शालनकाकू म्हणजे मी. चौथीपर्यंत शाळा, पुढं चूल. नवरा गेल्यावर घरच्या परसात एक कढई मांडली होती, तिची पुढं शेड झाली. शेडमध्ये आठ बायका आणि कढईवर इलाहीचाचा. चाचा उलथनं मारायचे, मी खुर्चीवर बसून वास घ्यायची. कांद्याचं तळण नेमकं कधी उतरवायचं ह्यावर सगळा मसाला उभा असतो. अर्धं मिनिट आधी उतरवलं तर पंधरा दिवसांत ओशट, अर्धं मिनिट उशीर झाला तर कडू. ते अर्धं मिनिट माझ्या नाकाला कळायचं. धैर्यशीलनं पाकिटावर छापूनच टाकलं होतं, 'शालनकाकूंच्या नाकाखालून गेल्याशिवाय पाकीट बंद होत नाही.' वर माझा फोटो. नाक जरा मोठंच आलं होतं त्यात.

आणि ते नाक गेलं.

कापलं-बिपलं नाही. त्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास मला ताप भरला. आठ दिवस अंथरुणात होते. उठले, चहा केला, प्यायले. म्हटलं, तोंडाला चव नाही, तापानं असेल. मग एके सकाळी दूध तापत ठेवून ओट्याशी उभी होते तर धैर्यशील वरून धावत आला. "आई, घरभर करपल्याचा वास सुटलाय, तू इथंच उभी आहेस की." पातेल्याचा कोळसा झालेला. मी म्हटलं, "विचारात होते." तो गेल्यावर हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. काही नाही. कापूर लावला. काही नाही. खाली गेले आणि चाचांच्या विडीपाशी उभी राहिले. चाचा म्हणाले, "काय भाभी, ओढायची का?"

कुणाला सांगितलं नाही. का सांगू? कुणाच्या हातून काही बिघडलं की मी त्या बाईला म्हणायची, "देवानं तोंडावर नाक दिलंय ते नथ घालायला का?" बायडाला म्हटलंय, मालनला म्हटलंय, सगळ्यांना म्हटलंय. आता त्यांच्यासमोर जाऊन सांगू, की बायांनो, माझंच नथ घालायला उरलं?

तेव्हा मी दोन आधार धरले. एक कान. तळणाला आवाज असतो. आधी चरचरतं, मग तडतडतं, आणि कांद्यातलं पाणी संपलं की कढई एकदम गप्प होते, बोलून दमलेल्या बाईसारखी. त्या गप्प होण्यावर मी 'आलं' म्हणायची. दुसरा आधार चाचांचं तोंड. वीस वर्षं कढईवर काढलेला माणूस. तळण आलं की चाचांची डावी भुवई वर जायची. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी कांदा बघायचं सोडून त्यांची भुवई बघत बसायची. एकदा म्हणाले, "भाभी, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

असं महिनाभर रेटलं, कुणी मसाला कडू लागतो म्हटलं तर मिरचीवर ढकललं. मग गणपतीत चाचांचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना मिरजेला घेऊन गेला. भुवई गेली. आणि ऊर्मिलानं घरात विषय काढला, की आता कढईला यंत्र लावू. मोटर उलथनं मारेल, तेलातली सळई उष्णता मोजेल, ठरल्या आकड्याला गॅस आपोआप बंद होईल.

मी म्हटलं, "माझं मढं उचलल्यावर लावा."

"का पण, आई?" धैर्यशील म्हणाला. "चाचांसारखा माणूस मिळणार आहे का आता?"

"मसाला आकड्यावर होत नाही."

"आत्या, आकडा तुमचाच आहे," ऊर्मिला म्हणाली.

ते खरं होतं. ही बाई लग्न होऊन आली त्या चैत्रातच तिनं कढईत एक सळई सोडली होती. हौस म्हणून. म्हणाली, तुम्ही 'आलं' म्हणता तेव्हा आत किती उष्णता असते ते बघायचंय. चाचांनी गॅस बंद केला की सळईच्या डबीत आकडा आपोआप उतरून राहायचा. मी म्हटलं होतं, "बघ बाई. बापानं फी भरलीय, कुठं तरी वसूल झाली पाहिजे." नंतर ती डबी तिथं आहे हे मी विसरूनही गेले. ती विसरली नव्हती.

चाचांच्या जागी टिकेल असा माणूस मिळेना, शेवटी मी हो म्हटलं आणि पंधरा दिवसांत यंत्र उभं राहिलं. कंपनीतनं आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ती स्वतः वायरी ओढत बसायची, पदर नाही, टिकली नाही, तोंडात स्क्रू. पहिल्यांदा मोटर फिरवली. कढईवर झाकणासारखं धुराडं बसवलेलं, त्यात पंखा, खाली मोटर. काय तो आवाज. त्यात तळणाचं गप्प होणं मला कुठलं ऐकू येणार? कानही गेला म्हणायचा.

"ही मोटर नको," मी म्हटलं.

"का?"

"डोकं उठतं."

ऊर्मिला माझ्याकडं बघत राहिली. मग पान्यानं काहीतरी आवळत म्हणाली, "आवाज कमी होणार नाही, आत्या. पण स्क्रीन मी तुमच्या खुर्चीच्या समोर लावलाय. मोठ्या अक्षरात. चष्म्याशिवाय दिसेल."

"मला वाचायला कशाला पाहिजे? मला वास येतो."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला येतोच."

खंडेनवमीला पूजा करून पहिला घाणा काढायचं ठरलं. आदल्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. स्क्रीनवर डोळा ठेवायचा, 'आलं' दिसलं रे दिसलं की लांब श्वास ओढायचा आणि आपणच मोठ्यानं म्हणायचं. लोकांना वाटेल, काकूंचं नाक आणि यंत्र एकाच वेळी बोललं. उलट नाव वाढेल.

कढईपाशी उभं राहायला बायडाबाईला नेमलं होतं. ती मागच्या लसूण-आल्याच्या बाजूची. बारा वर्षं सोलण्यात काढली, कढईकडं कधी फिरकली नव्हती, पण हुशार आणि सांगितल्या कामाची. ऊर्मिलानं तिला चार वेळा समजावलं. "बायडामावशी, डोकं लावायचं नाही. स्क्रीनवर येईल तसं करायचं."

"म्हंजी लिवलेलं वाचायचं आन् करायचं?"

"तेवढंच."

"मग सोपं हाय की."

सकाळी यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सगळ्या बायका नव्या साड्या नेसून आलेल्या. वीस किलो कांदा तेलात पडला, मोटर घरघरायला लागली. स्क्रीनवर आलं, 'कच्चं'. बायका हसल्या. मालन म्हणाली, "काकींचं त्वांड काडून तिथं बसीवलंय जणू." मी खुर्चीवर ताठ बसले. सगळं ठरल्यासारखं चाललेलं.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. इलाहीचाचा मिरजेहून खास पूजेला आलेले. मोटरीच्या आवाजात ते आत हाका मारत होते, कुणाला ऐकू जाईना. मला ते दारातनं दिसले म्हणून मीच उठले. त्यांना काठीच्या आधारानं उतरवलं, दाराशेजारच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "आत चला, तुमची सवत बघा." चाचा म्हणाले, "जरा दम घेतो. तुम्ही व्हा पुढं, तळण यायची वेळ झालीय." त्यांना तिथनंही कळत होतं. मी लगबगीनं आत वळले. दोन मिनिटं गेली असतील नसतील.

दारातनंच स्क्रीन दिसला. मोठ्या अक्षरात 'आलं'.

उशीर झालाय की आत्ताच आलंय, मला काय कळणार? कढईवर वाफेचा लोट होता, धुराडं काम करतंय असं वाटलं. मी खुर्चीपर्यंत गेले नाही, दारातच थांबले, डोळे मिटले, सगळ्यांना दिसेल असा लांब श्वास ओढला आणि म्हटलं, "आलं! काय वास सुटलाय कांद्याचा. असा कांदा वीस वर्षांत तळला नाही ह्या शेडमध्ये. उतरवा."

कुणी हललं नाही.

डोळे उघडले तर आठही बायका माझ्याकडं बघतायत. मालनच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, तिनं पदर नाकाला लावलेला. बायडाबाई कढईपाशी उभी, हातात बादली, बादली रिकामी. धैर्यशील खोकला दाबत होता.

"आई," तो म्हणाला, "तुला कसला वास येतोय?"

"कांद्याचा. दुसरा कसला येणार?"

मालननं बायडाच्या हातातल्या बादलीकडं बघितलं. मग मीही बघितलं. निळी बादली. आमच्याकडं निळ्या बादलीत आलं असतं. धुऊन, चिरून, वाटायला न्यायचं. दहा किलो.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्रानं सांगितलं होतं 'आलं'. बायडानं वाचलं 'आलं'. हाताशी आल्याची बादली होती. डोकं लावायचं नाही असं चार वेळा बजावलेलं. तिनं आलं घातलं.

दहा किलो आलं गरम तेलात पडल्यावर त्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार. आणि पाकिटावरची शालनकाकू दारात उभी राहून म्हणत होती, काय कांदा.

मालनच्या चेहऱ्यावर ते उगवताना दिसत होतं. अजून पुरतं कळलं नव्हतं तिला, पण कळत चाललं होतं. आधी शंका, मग हिशेब जुळावा तसं काहीतरी. नथ घालायला, हे शब्द आता तिच्या तोंडातनं निघणार, हे मला कळून चुकलं.

पॅनेलच्या मागनं ऊर्मिला बाहेर आली. हात पुसत, सावकाश.

"बरोबर सांगितलं आत्यांनी," ती म्हणाली. "मी हेच बघत होते."

"काय बघत होतीस?" धैर्यशील म्हणाला. "नाकात झिणझिण्या आल्यात सगळ्यांच्या."

"तुम्हाला आल्याचा वास येतोय ना?"

"येतोय म्हणजे काय."

"मालनताई, तुम्हाला?"

"आल्याचाच की. मेलं डोळ्यातनं बी यायला लागलंय."

"कांद्याचा येतोय का?"

मालननं हुंगलं. "न्हाई बा."

"कुणालाच येत नाही. फक्त आत्यांना येतोय." ती बायकांकडं वळली. "आम्ही दोघींनी कालच ठरवलं होतं. एक घाणा आलं घालून काढायचा. वरनं एवढं आलं पडल्यावर खालचा कांदा आला की नाही, हे कळतंय का बघायचं. यंत्राला कळतं, ते आकड्यावर चालतं. माणसाला कळेल असं मला वाटलं नव्हतं. दारातनं सांगितलं त्यांनी."

"आईशप्पथ," मालन म्हणाली. पदर नाकावरनं खाली आला.

बायडाबाईनं बादली खाली ठेवली. "म्हंजी मी चुकले न्हाई?"

"नाही, मावशी. अगदी वेळेवर घातलंत."

"मला वाटलं, काकी आता माझं नाकच कापत्यात."

"कापायला नाक पाहिजे आधी तुझ्याकडं," मी म्हटलं. "बघत काय बसलाय सगळ्या? देवानं तोंडावर..." तिथं मात्र थांबले. "उतरवा ते. लागेल."

त्या बायकांनी ती गोष्ट गावभर नेली. पुढं दहा वर्षं लोक येऊन विचारायचे, आल्याखालचा कांदा ओळखणाऱ्या काकू त्या ह्याच का? चाचांनी ओट्यावरनं सगळं बघितलं-ऐकलं होतं. जाताना नुसतं म्हणाले, "भाभी, सूनबाई लाखात एक आहे." भुवई वर गेलेली होती.

बायका जेवायला बसल्यावर मी ऊर्मिलाला कोठीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"खोटं का बोललीस?"

"तुमच्याकडनंच शिकले."

"तोंड सांभाळ. कधीपासून कळलंय तुला?"

तिनं भिंतीवरच्या पिशवीतनं वही काढली. मधलं पान उघडून पोत्यावर ठेवलं. चौकटीचा कागद, त्यावर पेनानं दिलेले ठिपके.

"ही काय रांगोळी आहे?"

"हे तुमचं 'आलं' आहे. प्रत्येक घाण्याचा एक ठिपका. चैत्रापासनं." तिनं बोट ठेवलं. ठिपके एका रेघेत चाललेले, पोरं शाळेत जाताना हात धरून चालतात तसे. "एकशे बासष्ट. कधी एकशे एकसष्ट, कधी त्रेसष्ट. आत्या, आमच्या कंपनीत बाहेरच्या देशातनं आणलेलं यंत्र आहे, ते सुद्धा इतकं सरळ चालत नाही. मी आमच्या साहेबांना हा कागद दाखवला होता. ते म्हणाले, कुठल्या मेकचा कंट्रोलर आहे? मी म्हटलं, सासूबाई आहेत."

मला हसू येत होतं, पण आवरलं. "आणि पुढं?"

बोट सरकलं. नागपंचमीच्या पुढं ठिपके फुटले होते. एक वर, एक खाली, दाणे टाकल्यावर कोंबड्या पळाव्यात तसे. एकशे पन्नास. एकशे सत्तर. मध्येमध्ये काही बरोबर, ते चाचांच्या भुवईचे.

दोन महिने मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि कढईतली एक सळई रोज माझी चुगली करत होती.

"धैर्याला सांगितलंस?"

"नाही. त्यांना वाटतंय, यंत्र चाचांच्या गुडघ्यांसाठी आहे."

"मला का विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"मेले असते तरी नाही."

"म्हणून तर यंत्र लावलं," ती म्हणाली. वही मिटली. मग जरा चाचरत म्हणाली, "तुमची खुर्ची हलवायची नव्हती मला. खुर्चीसमोर काहीतरी आणून ठेवायचं होतं. शब्दाचा घोटाळा होईल हे डोक्यात आलं नाही. माझंच चुकलं."

"चुकलंच," मी म्हटलं. "भात सोडून काही करत नाहीस, म्हणून. आमटीत आलं घालणारी बाई असतीस तर आधी लक्षात आलं असतं."

ती हसली. मग मी तिच्या हाताला धरून तिला पोत्यावर बसवलं आणि तिच्या ताटात स्वतः वाढून आणलं. आमच्यात सासू सुनेला वाढत नाही. मालननं बाहेरनं बघितलं, तेही गावभर गेलं.

नाक काही परत आलं नाही. डोळे तपासायचे म्हणून सांगून ऊर्मिला मला सांगलीला नाकाच्या डॉक्टरकडं दोनदा घेऊन गेली. त्यांनी तेलं दिली, लवंग हुंगायला सांगितली. लवंगा पुढं मसाल्यात घातल्या. तो आल्याचा घाणा मात्र विकला नाही. घरात आणला. वर्षभर आमची आमटी खोकल्याच्या काढ्यासारखी लागायची, असं धैर्यशील म्हणायचा. मला काही फरक कळत नव्हता. पाकिटावरचं वाक्यही मी बदलू दिलं नाही. नाकाखालून जातं एवढंच लिहिलंय, आणि नाकाखालूनच जातं.

ह्याला आता बारा वर्षं झाली. मोटरी बदलल्या, कढया पाच झाल्या, ऊर्मिला कंपनी सोडून इथंच बसते, भिंतीवर मोठा रंगीत पडदा आहे. परवा पडदा बसवायला आलेल्या माणसानं तिला विचारलंही, "मॅडम, हा मेसेज असा का? नुसतं 'तयार' लिहू का?" ती म्हणाली, "नाही. आहे तसाच राहू दे."

तो मेसेज दसऱ्याचा आहे. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर आम्ही परत एक घाणा लावला. बायडाबाई हात बांधून उभी, निळ्या बादल्या पार मागच्या दाराला. मी खुर्चीवर. मोटर घरघरत होती, मला ना ऐकू येत होतं, ना कशाचा वास. स्क्रीनवर 'कच्चं' होतं. मग ते गेलं आणि 'आलं'च्या जागी मोठ्या अक्षरात दोन शब्द उमटले.

'वास आला.'

बायका हसल्या, काकींचंच बोलणं आहे म्हणाल्या. मी ऊर्मिलाकडं बघितलं. ती पॅनेलमध्ये डोकं घालून बसलेली, वर बघेना.

मी लांब श्वास ओढला.

"आला गं," म्हटलं. "उतरवा."